जिन्याच्या फोटोत खोलपणा आला तो असा

गोल जिन्याचे फोटो सपाट येत होते. पायऱ्या आणि भिंत एकाच करड्या रंगात मिसळायच्या. लेन्स बदलून फरक पडला नाही, वेळ बदलल्यावर पडला. सूर्य खाली असताना ऊन खिडकीतून तिरपं येतं, प्रत्येक पायरीची कड उजळते आणि शेजारी सावलीची पट्टी उमटते. आकार खरं तर त्या पट्ट्याच दाखवतात.

एक्सपोजर (फोटोला मिळणारा प्रकाश) कॅमेऱ्याच्या मीटरने सुचवल्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं ठेवलं. जास्त प्रकाशाने जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही, सावली मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बऱ्यापैकी उजळता येते. लेन्सचं छिद्र एफ/८, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १००, कॅमेरा ट्रायपॉडवर. भिंतीच्या उभ्या रेषा आत झुकू नयेत म्हणून कॅमेरा वर न तिरपा करता समतल ठेवला आणि मागे सरकलो. ढगाळ दिवशी हा उपाय चालत नाही. तेव्हा मी सरळ रंगांचे फोटो काढतो.