प्लॅन वाढवला, पण स्पीड ९४ वरच अडलाय?

३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ च्या आसपासच थांबते? मग कंपनीला फोन लावण्याआधी केबल बघा. आकडा रोज बदलत असेल तर कारण दुसरं असू शकतं, पण तो नेमका इथेच अडत असेल तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे असं समजा. एक तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट जुनं ‘फास्ट इथरनेट’, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचं असतं, नाहीतर केबलमधली एखादी तार तुटलेली असते. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० ला दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे खराब केबलवरही नेट चालू राहतं आणि कुणाला शंका येत नाही! ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेली केबल लावून बघा.

टेस्ट शक्यतो केबल जोडूनच घ्या. वायफायवर घ्यायचीच असेल तर राउटरजवळ बसून, ५ गिगाहर्ट्झवर. २.४ चा बँड भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण वेगात मागे पडतो.

आणि हो, डाउनलोड करताना सेकंदाला ३७ एमबी दिसलं म्हणून दचकू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ३०० ला ८ ने भागलं की साडेसदतीसच येतात.