डोंगराने फूल बदललं का? मेळघाटच्या तेरड्यावर करून पाहायची तपासणी

उंचावरचं झाड बुटकं दिसलं म्हणून ते उत्क्रांतीने बुटकं झालं, असं लगेच वहीत लिहू नका. थंडी, वारा आणि उथळ मातीत कोणतंही झाड खुजं राहतं. त्याचंच बी खाली पेरलं तर ते कमरेएवढंही होईल. वंशातला फरक कोणता आणि जागेचा कोणता, हे कळायला सगळीकडचं बी एकाच मातीत वाढवावं लागतं. क्लॉसन, केक आणि हीसी या वनस्पती-संशोधकांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात हेच केलं. सिएरा नेवाडा पर्वताच्या वेगवेगळ्या उंचीवरची अकिलिया ही फुलझाडं त्यांनी समुद्रसपाटीजवळच्या बागेत शेजारी-शेजारी वाढवली, तर उंचावरच्या वंशाची झाडं तिथेही बुटकीच राहिली.

मेळघाटातल्या गाविलगडच्या डोंगरांत अल्पाइन पट्टा, म्हणजे झाडोरा संपल्यावरचा थंड उघडा भाग, नाही. इथलं सर्वांत उंच ठिकाण वैराट ११७८ मीटरवर संपतं. पश्चिम हिमालयात झाडोरा थांबतो तोच साधारण ३५०० मीटरला. पण १००० मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे परतवाड्याकडचा पायथा आणि चिखलदरा यांत चार-पाच अंशांचा फरक मिळतो. पद्धत शिकायला तो पुरेसा आहे.

तेरड्याचं बी तीन ठिकाणचं घ्या: पायथ्याचं, माथ्याचं, आणि माथ्याइतक्याच उंचीच्या पण खोऱ्यापलीकडच्या डोंगराचं. हे तिसरं बी बहुतेक जण घेत नाहीत, आणि डोंगर कसा काम करतो ते त्यातच कळतं. भारतीय भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकू लागला. त्यातून हिमालय उचलला गेला तेव्हा थंड जागा तर तयार झाल्याच, शिवाय खोल खोऱ्यांनी एकेक शिखर बेटासारखं वेगळं पडलं. हिमयुगात थंड पट्टे खाली सरकले की वनस्पती एकमेकींत मिसळत. ऊब आली की पुन्हा वर चढून तुटत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ल्युपिन या फुलझाडाच्या सुमारे ८० जाती २० लाख वर्षांच्या आत तयार झाल्या. तेव्हा सारख्याच उंचीचे दोन गट वेगळे निघाले, तर फरक एकट्या उंचीचा नाही. ताटातुटीचाही असू शकतो.

प्रत्येक ठिकाणी १० झाडं निवडा, दोन झाडांत निदान ५ मीटर अंतर ठेवून. उतार एकाच दिशेचा हवा, कारण दक्षिण उतार लवकर सुकतो. अंगणातला तेरडा नको. तो बागेतला वाण असतो आणि सगळी तपासणी बिघडवतो. धुऱ्यावरचा, नाल्याकाठचा रानटी घ्या. पिकलेलं बोंड बोट लागताच फुटून बी उडवतं, म्हणून ते फुगून फिकट हिरवं झालं की मलमलची छोटी पिशवी बांधा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नका.

मोबाइलची उंची जशीच्या तशी लिहू नका. काही ॲप समुद्रसपाटीऐवजी, उपग्रह-मोजणीत धरलेल्या पृथ्वीच्या गणिती पृष्ठापासूनची उंची देतात. आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा ५० मीटरने किंवा त्याहूनही जास्त फरकाने कमी दिसते. बडनेरा स्थानकाच्या पिवळ्या फलकावर उंची लिहिलेली असते. तिथे फोन तपासा आणि फरक मिळवून घ्या.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर पेरा. नुसती काळी माती कुंडीत पाणी धरते आणि तेरड्याची मुळं कुजतात. तिच्यात निम्मी वाळू आणि मूठभर कुजलेलं शेणखत मिसळा. प्रत्येक आईझाडाची ४ रोपं, म्हणजे १२० कुंड्या. गट वेगळे मांडू नका, सगळ्या कुंड्यांची सरमिसळ करा. नाहीतर भिंतीच्या सावलीचा परिणामच वंशाचा फरक वाटेल. पहिलं फूल उमलण्याचा दिवस आणि त्या दिवशीची उंची एवढ्या दोनच नोंदी घ्या, पण चुकवू नका. उंचावर फुलायला मिळणारा काळ आखूड असतो, म्हणून लवकर फुलणं हा बुटकेपणापेक्षा मोलाचा पुरावा आहे.

पहिल्या वर्षीच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. भरल्या बियाचं रोप आईच्या पोषणामुळेही जोमदार निघतं. याच कुंड्यांतल्या बोंडांना, गटवार खुणा करून, पुन्हा पिशव्या बांधा. जवळजवळच्या कुंड्यांत मधमाश्यांमुळे संकर होतो, म्हणून पिशवी कळीवरच चढवा आणि फूल उमललं की त्याच गटातल्या दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावा. ते बी पुढच्या जूनमध्ये पेरा. फरक तेव्हाही टिकला, तरच तो वंशाचा धरा.