सोरायसिस आणि कोडासाठी प्रकाशोपचार कसा घ्यावा

प्रकाशोपचार म्हणजे उन्हात बसणे नव्हे. त्वचारोगतज्ज्ञ हल्ली बहुधा जो प्रकाश देतात तो ३११ ते ३१३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे ‘नॅरोबँड यूव्हीबी’ (अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा) असतो आणि औषधासारखाच तो मोजून द्यावा लागतो.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी, कारण डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असल्यास किंवा पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला असल्यास ते आवर्जून सांगावे. कोडावर घरच्या घरी बावचीचा लेप लावत असाल तर तेही लपवू नये. बावची या वनस्पतीतल्या सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे त्वचा अतिनील किरणांनी सहज भाजते आणि फोड येतात.

उपचाराच्या दिवशी अंगाला अत्तर किंवा मलम लावून जाऊ नये. सोरायसिसच्या जाड खपल्यांवर मात्र डॉक्टरांनी सुचवल्यास पातळ खनिज तेलाचा हात फिरवता येतो. यंत्रात उभे राहताना खास गॉगल घालावा, पुरुषांनी जननेंद्रिय झाकावे आणि दर वेळी तेवढेच कपडे घालावेत. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एके दिवशी आखूड चड्डी घातली, तर मांडीचा जो पट्टा आजवर झाकलेला होता त्याला खेपेगणिक वाढवत नेलेली मात्रा एकदम मिळते आणि तेवढाच भाग लालभडक होतो.

प्रकाश आठवड्यातून दोन-तीन वेळा, एक दिवस आड घेतात. त्याची लाली लगेच दिसत नाही, काही तासांनी उमटते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्वचा नीट पाहून लाली, आग, खाज यांची नोंद वहीत करावी आणि पुढच्या खेपेला यंत्र सुरू होण्याआधीच ती दाखवावी. मात्रा वाढवायची की थांबायचे, हे त्यावरच ठरते. मध्ये खाडे पडले असतील तर तेही सांगावे, कारण मोठ्या खंडानंतर मात्रा कमी करावी लागते.

सोरायसिसला साधारण २० ते ३० खेपा लागतात. कोडाला कित्येक महिने धीर धरावा लागतो. बोटांची टोके आणि ओठ तर फारच हटवादी. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी डागाचा फोटो काढावा. रंग परतू लागला की पांढऱ्या डागात केसांच्या मुळांभोवती तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटतात, जे रोज आरशात पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतात.