कॉलेज बघायला जाताय? आधी ऑफिसच्या खिडकीपाशी उभे राहा

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे नातेवाइकांचे फोन सुरू होतात, दादा जरा सांग ना पोराला नाशिकमध्ये कुठं टाकू, कॉलेज रोडला की गंगापूर रोडला की पंचवटीत, आणि मग बिल्डिंग कशीय, प्लेसमेंट किती, एसी हॉल आहे का. अरे त्या एसी हॉलमध्ये पोरगं वर्षातून दोनदा बसणार! पोरं खुश राहतात का कुरकुरतात ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर ठरतं, आणि त्या अ‍ॅडमिशनच्या आधी बघता येतात, फक्त बघायचं कुठं ते माहीत पाहिजे.

पहिलं काम घरबसल्या होतं. कॉलेजच्या वेबसाईटवर आयक्यूएसी (कॉलेजचीच गुणवत्ता बघणारी अंतर्गत समिती) म्हणून एक कोपरा असतो, तिकडं सहसा कोणी फिरकत नाही, तिथं स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हेचा रिपोर्ट शोधा. नॅकने, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेने, २०१७ ला मूल्यांकनाची पद्धत बदलली तेव्हा हा सर्व्हे आला, २० प्रश्न पर्यायवाले आणि २१ वा आपल्या शब्दात सूचना लिहायचा. पहिलाच प्रश्न आहे की वर्गात सिलॅबस किती टक्के झाला. एकूण सरासरीकडे मात्र बघू नका, ती बहुतेक ठिकाणी गोडच असते (सर पाठीमागे उभे असताना लॅबमध्ये फॉर्म भरलाय कधी? मी भरलाय). बघायचं ते दोनच, असाइनमेंट तपासल्यावर तुमच्याशी त्यावर बोललं गेलं का या प्रश्नाला काय उत्तर आलंय, आणि २१ व्या प्रश्नातल्या सूचना छापल्यात की गायब केल्यात.

असाइनमेंटवर एवढा जोर का, तर माझं एक जर्नल. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या जर्नलची दोन पानं डिंकाने चिकटली, मी घाईत तसंच सबमिट केलं, महिन्याने परत आलं तेव्हाही पानं चिकटलेलीच, वर लाल पेनाने सही आणि १० पैकी ८. मार्क चांगले होते हो, पण त्या दिवसापासून माझं त्या विषयातलं मन जे उडालं ते उडालंच. आणि हे आपल्याकडचंच रडगाणं नाही, ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या पोरांचा देशभर सर्व्हे होतो, तिथंही शिकवण्याला बरे मार्क पडायचे आणि तपासणी-फीडबॅकला वर्षानुवर्षं कमी. तेव्हा सेकंड इयरच्या पोराला गाठून सरळ म्हणायचं, तुझी तपासलेली फाईल दाखव बरं. आत एखादी ओळ लिहिलेली दिसली तरी पुष्कळ.

मग प्रत्यक्ष जा, पण ओपन डेला नको, त्या दिवशी रांगोळी असते. साध्या मंगळवारी जा आणि ऑफिसच्या खिडकीपाशी वीस मिनिटं उभे राहा. बोनाफाईड मागायला आलेल्या पोराला काय उत्तर मिळतं ते ऐका, "जेवणानंतर ये", "सही करणारे मॅडम नाहीत", की "गुरुवारी घेऊन जा". तिसरं उत्तर देणारं कॉलेज चांगलं, कारण तारीख कळली की माणूस थांबतो. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपचं पण तिथंच विचारून घ्या, कॉलेजकडून अर्ज पुढं कोण पाठवतं आणि तो माणूस कुठं बसतो.

बाहेरगावच्यांनी बसचं गणित आधी करायचं. माझी मामेबहीण निफाडहून एसटीने यायची, पुढं सिटीलिंकची शहर बस बदलायची, साडेसातचं पहिलं लेक्चर तिला कधी धड मिळालंच नाही आणि हजेरी कमी म्हणून बोलणी मात्र तिनेच खाल्ली. कॉलेज वाईट नव्हतं, टाइमटेबल तिच्यासाठी नव्हतं. सिन्नर, दिंडोरीकडून येणाऱ्यांनी फर्स्ट इयरच्या टाइमटेबलचा फोटो काढून आणावा आणि एकदा त्याच वेळेला बसने जाऊन बघावं, बापाच्या गाडीवरून नाही.

कँटीन, जिम वगैरे एक नजर टाकली तरी बास. मुलींच्या टॉयलेटला पाणी आहे का ते मात्र आईने आत जाऊन बघा.

नोटीस बोर्डावर तक्रार निवारण समितीची यादी शोधा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ही समिती लागतेच, तिने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान नाही झालं तर वर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. यादीतलं एखादं नाव शिपायाला विचारा, हे सर कुठं भेटतील. "ते कधीच रिटायर झाले" असं उत्तर आलं तर काय ते समजून घ्या.

निघताना गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं थांबा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कशाच्या कॉप्या जास्त निघतात, सरांच्या नोट्सच्या की बाहेरच्या क्लासच्या, एवढंच विचारा. तो हसला तर चहा पाजा, बाकीचं तोच सांगेल.