डिझाइन नोंदवायचंय? ते नवं आहे का, आधी तपासा

"असं कुठेच पाहिलं नाही," असं प्रत्येक डिझायनर सांगतो. त्याने पाहिलं नसेलही. नोंदणीचा कायदा मात्र वेगळंच विचारतो: हे आधी कुठे लोकांसमोर आलंय का? त्यातही युरोपीय महासंघात नोंदणी करताना नावीन्य तपासतच नाहीत. प्रमाणपत्र सहज मिळतं, आणि पुढे एखादा स्पर्धक जुना फोटो शोधून आणतो आणि ते रद्द करून घेतो.

१. नेमकं काय शोधायचं ते ठरवा. समजा, तुम्ही टेबल लॅम्प केलाय. अर्धगोल पायथा, त्यातच पेनं ठेवायला खाच, वर बाकदार दांडा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून असे सहा फोटो काढा. मग एकेका भागाकडे बोट ठेवून विचारा, हे असं का? वायर जावी म्हणून भोक असेल, तर ते निव्वळ कामापुरतं. डिझाइन नोंदणी त्याला संरक्षण देत नाही. दांड्याचा बाक फक्त दिसण्यासाठी आहे, म्हणजे शोध घ्यायचा तो त्याचा.

२. फोटोवरून शोधा. गूगल लेन्स आणि टिनआय दोन्ही वापरा. फोटोची पार्श्वभूमी कोरी ठेवा, नाहीतर दिव्याऐवजी त्याखालच्या टेबलाचेच जुळे भाऊ सापडतील. एकदा अख्खा दिवा टाका, एकदा नुसता पायथा कापून टाका.

३. नोंदणीचे डेटाबेस चाळा. वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) ग्लोबल डिझाइन डेटाबेस आणि युरोपातला डिझाइनव्ह्यू, दोन्ही फुकट आहेत. इथे शब्दांवर फार विसंबू नका. 'बाकदार दांड्याचा दिवा' असं कुणी लिहीत नाही, नुसतं 'दिवा' लिहितात. डिझाइन नोंदवताना वस्तूंची विभागणी ज्या आंतरराष्ट्रीय यादीनुसार होते, त्या लोकार्नो वर्गीकरणाचे 32 वर्ग आहेत, त्यातून शिरा. दिवे 26 मध्ये, स्टेशनरी 19 मध्ये. आपला लॅम्प पेनस्टँडही आहे, तेव्हा दोन्ही वर्ग पाहायचे. फुलदाण्या 11 मध्ये असतात, त्याही बघून घ्या. युरोपात वेगळ्या वस्तूवरचा तोच आकारसुद्धा आड येऊ शकतो. काम कंटाळवाणं आहे, शेकडो चित्रं सरकवावी लागतात. आणि एवढं करूनही काही अर्ज दिसणारच नाहीत, कारण हेग पद्धतीत, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत नोंदणी करण्याच्या व्यवस्थेत, डिझाइनचं प्रकाशन 30 महिन्यांपर्यंत लांबवता येतं.

४. मिळतीजुळती पाच-सहा डिझाइनं निवडून आपल्या डिझाइनशेजारी ठेवा. आपल्या डिझाइनमधले फरक आपल्याला फार ठळक दिसतात, म्हणून हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. घरच्यांकडून नको, ते कौतुकच करतील. असे दिवे नेहमी वापरणाऱ्या, बघणाऱ्या माणसाला चित्रं दाखवा आणि कुठलं कुणाचं हे सांगू नका. त्याला तुमचं आणि त्यातलं एखादं 'तेच' वाटलं, तर खाचेची खोली वेगळी असून उपयोग नाही. बऱ्याच कायद्यांत एकंदर छाप पाहतात. ज्या प्रकारात आधीच गर्दी आहे तिथे मात्र छोटा फरकही पुरू शकतो.

जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. शंका उरली तर हेच घेऊन वकिलाकडे जा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसेही.

५. शेवटी स्वतःचा फोन तपासा. ही पायरी हमखास राहते. डिसेंबर 2014 मध्ये गायिका रिहानाचे जाड काळ्या तळव्याचे पांढरे बूट घातलेले फोटो इन्स्टाग्रामवर आले. प्यूमाने त्या बुटाच्या डिझाइनसाठी युरोपात अर्ज केला जुलै 2016 मध्ये. नोंदणी झाली, पण पुढे त्याच फोटोंवरून ती रद्द ठरली, आणि मार्च 2024 मध्ये महासंघाच्या जनरल कोर्टानेही तो निर्णय कायम ठेवला. स्वतः उघड केलेल्या डिझाइनला तिथे 12 महिन्यांची सवलत असते, म्हणजे तेवढ्यात अर्ज केला तर ते उघड करणं आड येत नाही. ती केव्हाच उलटून गेली होती. अमेरिकेत आणि जपानमध्येही मुदत तेवढीच आहे, काही देशांत मात्र सवलत याहून खूपच तोकडी असते. म्हणून पहिला फोटो कधी, कुठे टाकला, नमुना कुणाला पाठवला, प्रदर्शनात कधी मांडला, या सगळ्याच्या तारखा काढा. अजून काहीच टाकलं नसेल, तर अर्ज दाखल होईपर्यंत स्टेटसलाही ठेवू नका.