सोलापूरच्या बोळांतला पाठलाग टेबलवर कसा चालवायचा

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत बहुतेक पात्रांचा वेग दर राउंडला (फेरीला) ३० फूट. चोर ३० फूट पळतो, मागचाही ३० फूट. दोघांनी डॅश घेतला (त्या राउंडची कृतीही पळण्यात घातली) की ६०-६०, आणि अंतर जिथल्या तिथं. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडनं (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकानं) यावर दमछाकीचा उतारा दिलाय: ३ अधिक पात्राच्या कॉन्स्टिट्यूशनचा (दमदारपणाचा) मॉडिफायर इतके डॅश फुकट, पुढच्या प्रत्येकाला डीसी १०चा चेक (वीस बाजूंचा फासा अधिक बोनस, बेरीज १० किंवा वर हवी), हुकला की एक्झॉस्शनची (थकव्याची) एक पातळी. नियम ठीक आहे, पण +२वाल्या पात्राला पाच राउंड काहीच होत नाही, आणि तोवर टेबलाखाली मोबाइल उघडलेले असतात.

म्हणून फूट मोजणं सोडा. कागदावर ० ते ५ अशा सहा चौकटी आखा आणि एक नाणं ठेवा. एक चौकट म्हणजे साधारण ३० फूट. नाणं ०वर आलं की पकडला, ५वर गेलं की निसटला. खेळाडू पाठलाग करत असतील तर नाणं ३वर ठेवा, तेच पळत असतील तर २वर. इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) लागत नाही.

दर राउंडला प्रत्येक खेळाडू आपण काय करतो ते एका वाक्यात सांगतो आणि चेक करतो. चौघांपैकी दोघे जमले तरी राउंड खेळाडूंचा, नाणं एक घर त्यांच्या बाजूला. नाहीतर एक घर उलट. चौघांनीही पास व्हायलाच हवं असा हट्ट धरू नका. +४ बोनस आणि डीसी १५ म्हणजे प्रत्येकाला निम्मी संधी, चौघे एकदम जमण्याचा योग १६ पैकी एक. दोघांचा नियम लावला की तोच योग १६ पैकी ११ होतो. या आकड्यांवर पाठलाग सरासरी पाच-साडेपाच राउंड चालतो आणि साधारण पाचातून एकदा खेळाडू हरतात. वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो, त्याहून लांबवू नये. तीनच खेळाडू असतील तर दोन यश मिळवणं जड जातं, तेव्हा डीसी १३ करा.

एक अट मात्र कडक पाळा: मागच्या राउंडला वापरलेलं स्किल (कौशल्य) त्याच खेळाडूनं लगेच परत वापरायचं नाही. ही अट नसली की ज्याचं अ‍ॅथलेटिक्स +७ आहे तो दर वेळी ‘मी पळतो’ एवढंच म्हणणार. जड चिलखतातल्या, २५ फूट वेगाच्या बुटक्यालाही यातूनच काम मिळतं. तो पळत नाही. बोळाचं दुसरं तोंड अडवतो, ओरडून गर्दी बाजूला करतो, हातगाडी आडवी घालतो.

आता खरी मेहनत: अडथळे. आठ चिठ्ठ्या आधी लिहून ठेवा. प्रत्येकीवर जागा, आडवं आलेलं काहीतरी आणि दोन वाटा. नुसतं ‘गर्दी आहे’ लिहिलं तर खेळाडूला निवडायला काही उरत नाही. नवी पेठेची चिठ्ठी अशी होईल: दुकानापुढं चादरींची बोचकी उतरवली आहेत, मधोमध रिक्षा अडकली आहे. बोचक्यांवरून पत्र्यावर चढायचं की शेजारच्या बोळातून वळसा घालायचा? पत्र्याची वाट धोक्याची, डीसी १८. पण जमली तर ते दोन यश धरा. चुकली तर पत्रा वाकतो, १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इजा.

पूर्व भागातली यंत्रमागाची शेड तर अशा सीनसाठीच बांधल्यासारखी आहे. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नाही, ऐकण्याच्या प्रत्येक चेकला दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. त्या राउंडपुरतं खेळाडूंनीही एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त खुणा. टेबल लगेच जागं होतं. बाहेर पडल्यावर ‘कुठं गेला?’ विचारायचं, तर समोरचा म्हातारा तेलुगूत उत्तर देतो. पात्राच्या भाषांत तेलुगू असेल तर चेक न करता एक यश. एरवी शीटवर धूळ खात पडलेली भाषा कामी येते.

संक्रांतीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा घेणार असाल तर दोन राउंड तिथंच ठेवा. होम मैदानावरचे पाळणे आणि स्टॉल हे सोपे अडथळे. अवघड आहे ती सात नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक. तिथं पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) भक्त शेकड्यांनी असतात. चोरानं बाराबंदी चढवली की तो गेलाच. इथं पाय थांबवा आणि पर्सेप्शन (नजर) विरुद्ध स्टेल्थ (लपणं) लावा. त्याच्या पायांतले बूट दिसले, असं काहीतरी ठोस हाती द्या. मिरवणूक कापून जाणं ही वाट उघडीच ठेवू नका. सोलापूरच्या टेबलवर ते कुणालाच रुचणार नाही.

जादूमुळं सीन दोन मिनिटांत आडवा होतो ही नेहमीची तक्रार. चौकट ३० फुटांची धरल्यानं अर्धं भांडण मिटतं: मिस्टी स्टेप, क्षणात ३० फूट दूर नेणारा मंत्र, म्हणजे एक घर. माणसाला जखडणाऱ्या होल्ड पर्सनचा पल्ला ६० फूट, म्हणजे नाणं २वर किंवा आत हवं आणि माणूस दिसायला हवा. त्यानंतर त्याचा सेव्ह (मंत्र टाळण्याचा फासा) हुकला तर पकडला, विषय संपला. खेळाडूचा तो हक्क हिरावू नका. फायरबॉल १५० फूट पोचतो, पण २० फूट त्रिज्येत किती भाविक आणि फेरीवाले आहेत ते आधी मोठ्यानं सांगा. रोग या चपळ चोर-वर्गाच्या कनिंग अ‍ॅक्शनला, बोनस डॅश असल्यानं, पळण्याच्या चेकवर दोन फाशांतला मोठा आकडा धरायचा, एवढा अ‍ॅडव्हान्टेज पुरे.

सीन सुरू करण्यापूर्वी दोन्ही शेवट लिहून ठेवा. कथेसाठी चोर निसटायलाच हवा असेल तर पाठलाग खेळूच नका, तो पळाला असं सांगून मोकळे व्हा. फासे टाकायला लावून निकाल फिरवला की खेळाडूंना कळतंच. नाणं ५वर गेलं तर फेकलेली बाराबंदी, रिक्षाचा नंबर असं काहीतरी मागं राहू द्या. ०वर आलं तर लगेच लढाई लावू नका. दमलेला एकटा माणूस चौघांशी झुंजण्याऐवजी सौदा करेल, तेव्हा त्याच्या तोंडी एक नाव आणि खिशात एक वस्तू तयार ठेवा.