प्रॉडक्ट मॅनेजमेंटमधला फाटा: स्वतः काम करायचे की टीम सांभाळायची?

उत्पादनात काय आणि का बनवायचे हे ठरवणारा तो प्रॉडक्ट मॅनेजर. या पदावर नव्याने रुजू होणाऱ्याच्या हाताखाली बहुधा कोणीच नसते. इंजिनिअर, डिझायनर आणि डेटा अ‍ॅनालिस्ट आपापल्या वरिष्ठांना उत्तरदायी असतात. प्रॉडक्ट मॅनेजरला त्यांच्याकडून काम करवून घ्यायचे असते ते समजावून, पुरावे मांडून आणि विश्वास कमावून. त्यामुळे काही वर्षांनी ‘इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे आयसी (हाताखाली टीम न घेता स्वतः काम करणारा), राहायचे की मॅनेजर व्हायचे’ हा प्रश्न समोर येतो, तेव्हा इंजिनिअर मित्रांनी दिलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांना कोड लिहिणे सोडून माणसे सांभाळायची की नाही हे ठरवायचे असते. आपले काम मात्र पहिल्या दिवसापासून माणसांच्या मार्फतच चालते. म्हणून ‘मला माणसांमध्ये काम करायला आवडते’ हे मॅनेजर होण्याचे पुरेसे कारण नाही, आणि ‘मला मीटिंग नकोशा वाटतात’ हे आयसी राहण्याचे कारण तर मुळीच नाही. मी आधी आयसी होतो, नंतर काही वर्षे टीम सांभाळली आणि आता पुन्हा आयसी म्हणून प्रिन्सिपल या वरिष्ठ पदावर आहे. या तिन्ही काळांत माझे कॅलेंडर मीटिंगने सारखेच भरलेले राहिले आहे.

फरक पडतो तो आपण रोज कोणत्या निर्णयांवर डोके चालवतो आणि त्यांचा परिणाम किती काळाने दिसतो यात. आयसी असताना नोंदणीचा फॉर्म छोटा केला, तर किती लोक नोंदणी पूर्ण करतात हे काही आठवड्यांत आकड्यांत दिसते. अंदाज चुकला असेल तर तेही कळते. मॅनेजर झाल्यावर मात्र कोणाला नोकरीवर घ्यायचे, कोणता प्रश्न कोणाकडे सोपवायचा, कोणाच्या कामात किती लक्ष घालायचे, असे निर्णय रोजचे होतात. त्यांचे बरेवाईट कळायला वर्षही लागते, आणि तेव्हाही श्रेय किंवा दोष नेमका कशाचा हे स्पष्ट नसते. ज्यांना दर पंधरवड्याला काहीतरी बाजारात गेलेले पाहूनच समाधान मिळते, त्यांना हा काळ फार कोरडा वाटतो.

यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे उत्तर माहीत असूनही ते न सांगणे. समजा, टीममधली नवी प्रॉडक्ट मॅनेजर एक योजना घेऊन आली आणि तिच्यातली त्रुटी तुम्हाला पहिल्याच पानावर दिसली. तुम्ही लगेच दुरुस्ती सुचवलीत, तर योजना सुधारेल. पण पुढच्या वेळी ती अर्धवट विचार करूनच येईल, कारण उरलेला विचार तुम्ही करणार हे तिला ठाऊक असेल. मी स्वतःपुरता एक नियम ठरवला होता: निर्णय सहज मागे घेता येण्यासारखा असेल, तर फक्त प्रश्न विचारायचे आणि निर्णय तिच्यावर सोपवायचा, ग्राहकांचा डेटा कायमचा पुसणे किंवा किमती बदलणे यांसारखे न परतवता येणारे पाऊल असेल, तर स्पष्टपणे थांबवायचे. हा नियम सांगायला सोपा आहे, पण पाळताना जीभ आवरणे फार जड जाते. ज्याला स्वतःची कल्पना प्रत्यक्षात उतरल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने या जागेपासून दूर राहिलेले बरे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी बाजू मूल्यमापनाची आहे, आणि नवख्यांना ती जवळजवळ अदृश्य असते. वार्षिक रिव्ह्यूच्या काळात मॅनेजर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांचे मूल्यमापन एका मापात बसवण्याच्या, बैठकीत इतर मॅनेजरांसमोर आपल्या माणसांची बाजू मांडतो, कधी हरतो, आणि मग ‘यंदा बढती नाही’ हे त्या माणसाला स्वतः सांगतो, तेही ‘वरच्यांनी ठरवले’ असे म्हणून हात न झटकता. कोणाला कामावरून कमी करायचे असेल, तर ते संभाषणही त्याच्याच वाट्याला येते. मार्गदर्शन करायला आवडणाऱ्या अनेकांना वाटते की आपण चांगले मॅनेजर होऊ. पण मार्गदर्शन हा या कामाचा गोड भाग आहे. पगार आणि बढती यांचा अधिकार हातात आला की तोच कनिष्ठ सहकारी तुमच्याशी पूर्वीइतका मोकळा राहत नाही.

आता आयसीच्या वाटेकडे पाहू. असोसिएट, प्रॉडक्ट मॅनेजर आणि सिनिअर प्रॉडक्ट मॅनेजर या पायऱ्या बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. फाटा त्यापुढे फुटतो. एकीकडे ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट आणि चीफ प्रॉडक्ट ऑफिसर, तर दुसरीकडे स्टाफ किंवा प्रिन्सिपल. ही दुसरी शिडी या क्षेत्रात मुळातली नाही. 1931 मध्ये प्रॉक्टर अँड गँबलमध्ये नील मॅकएलरॉय यांनी प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी एका माणसाकडे द्यावी असे टिपण लिहिले. प्रॉडक्ट मॅनेजरच्या भूमिकेचे मूळ तिथे शोधले जाते. त्या शिडीचे टोक कंपनी चालवण्यात होते, आणि मॅकएलरॉय स्वतः 1948 मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. तज्ज्ञ म्हणून वर जाण्याची कल्पना आपल्याकडे आली ती इंजिनिअरिंगकडून. म्हणूनच अनेक कंपन्यांत ती कागदावर असते आणि प्रत्यक्षात तिच्यावर कोणी चढलेले नसते.

प्रिन्सिपल पदावरचे काम म्हणजे आणखी मोठी फीचर्स नव्हेत. तीन उत्पादनांचे बिलिंग एकत्र आणणे, एकदाच विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे वर्गणीत रूपांतर करणे, असे अनेक टीममध्ये विखुरलेले आणि कोणाच्याच रोडमॅपवर (पुढच्या कामांच्या आराखड्यात) नीट न बसणारे प्रश्न या पदाकडे येतात. असे प्रश्न कंपनीत जितके, तितक्याच या जागा. छोट्या कंपनीत बहुधा एकही नसते. शिवाय या पदाला पाठीराखा लागतो. ज्या अधिकाऱ्याने प्रश्न सोपवला तो कंपनी सोडून गेला, तर स्वतःची टीम नसलेला प्रिन्सिपल पुनर्रचनेत उघड्यावर पडतो. त्यामुळे ही वाट निवडण्यापूर्वी त्या पातळीवर आज कोण आहे, तो तिथे कसा पोहोचला, त्याची वेतनश्रेणी समकक्ष मॅनेजरइतकी आहे का, हे थेट विचारावे. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर ती शिडी नाही असेच समजावे.

मॅनेजरची जागा अधिक सुरक्षित असते, हा समजही आता टिकणारा नाही. मार्च 2023 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुकची मालक कंपनी असलेल्या मेटामधल्या अनेक मॅनेजरांना आयसी व्हायला सांगितले जाईल असे जाहीर केले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सीईओ अँडी जॅसी यांनी अ‍ॅमेझॉनमधले मॅनेजरांच्या तुलनेत आयसींचे प्रमाण 2025 च्या पहिल्या तिमाहीअखेर किमान 15 टक्क्यांनी वाढवायला सांगितले.

ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर हे पद स्वतःचे उत्पादन आणि दोन-तीन माणसे असे दोन्ही सांभाळायला लावते. चाचणी म्हणून ते उत्तम आहे, पण तिथे फार काळ रेंगाळू नये असे माझे मत आहे, कारण लाँचच्या आठवड्यात नेहमी माणसेच मागे पडतात. त्याआधीची सोपी चाचणी म्हणजे मॅनेजर रजेवर असताना त्याचे काम सांभाळणे आणि मुलाखतींच्या पॅनेलवर बसणे. मात्र एखादे उत्पादन बाजारात आणून त्याचे परिणाम निस्तरल्याशिवाय, शक्य तर एखादे फीचर बंद करण्याचा निर्णय घेतल्याशिवाय, यापैकी कशाचीही घाई करू नये. तोवर दुसऱ्याचा निर्णय जोखायला आपल्याकडे माप नसते.

मॅनेजर होऊन परत येता येते. पण परतताना स्पेक (काय बनवायचे याचा तपशीलवार मसुदा) लिहिण्याचा आणि स्वतः डेटाबेसवर क्वेरी चालवून आकडे काढण्याचा हात बसलेला राहत नाही. टीम सांभाळत असतानाही मी वापरकर्त्यांच्या मुलाखतींना बसणे सोडले नाही, आणि परत येताना तेवढेच कामाला आले. परतीची बोलणी मात्र पद स्वीकारण्यापूर्वीच करावीत: वर्षभरानंतर पुन्हा आयसी व्हायचे ठरवले तर पातळी आणि पगार तेच राहतील का, आणि सध्याचे उत्पादन कोणाकडे जाईल, हे वरिष्ठांकडून ईमेलवर लेखी घ्यावे.